खून मेरेडिथचा, चर्चा अमांडाची : पेरुजाचं प्रकरण नेमकं काय होतं?

३ ऑक्टोबर २०११ ची रात्र. इटलीतल्या पेरुजा शहरात न्यायालयाबाहेर जगभरचे कॅमेरे लागलेले. आत न्यायाधीशांनी निकाल वाचायला सुरुवात केली आणि सुरुवातीलाच 'दोषी' असा उल्लेख आला. काही क्षणांत ब्रिटनच्या 'डेली मेल'च्या वेबसाइटवर बातमी झळकली की अमांडा नॉक्सचं अपील फेटाळलं. बातमीत सगळं होतं. ती हुंदके देत खुर्चीत कशी कोसळली, मेरेडिथचे घरचे समोर बघत कसे निर्विकार बसून राहिले, सरकारी वकिलांनी समाधान कसं व्यक्त केलं.

अडचण एवढीच होती की यातलं काही घडलंच नव्हतं. 'दोषी' हा शब्द दुसऱ्याच एका आरोपाबद्दल होता. त्याच निकालात पुढच्या काही वाक्यांत न्यायालयाने अमांडाला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. बातमी आधीच लिहून तयार होती, रडण्यासकट. फक्त बटण दाबायचं बाकी होतं, आणि ते चुकीचं दाबलं गेलं. घाई करणाऱ्यांत इतरही नामवंत माध्यमं होती, पण एवढ्या तपशिलासकट चुकण्याचा मान या एकाच वेबसाइटचा.

या प्रकरणाबद्दल लोकांना जे 'माहीत' असतं, त्यातला बराचसा भाग असाच तयार झालेला आहे. आजही अमांडा नॉक्सचं नाव निघालं की दोन तट पडतात. एकाला ती थंड डोक्याची खुनी वाटते, दुसऱ्याला बळीचा बकरा. ज्याच्या हाताचा रक्ताळलेला ठसा खुनाच्या खोलीत सापडला, त्याचं नाव मात्र या वादात क्वचितच ऐकू येतं.

त्यामुळे गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

पेरुजा हे डोंगरावर वसलेलं जुनं विद्यापीठाचं शहर. इटालियन शिकायला जगभरातून मुलं इथे येतात. २००७ च्या शरद ऋतूत लंडनची मेरेडिथ कर्चर तिथे आली. वय २१. लीड्स विद्यापीठात ती युरोपियन स्टडीज शिकत होती आणि एका वर्षासाठी इटलीत आली होती. विया देल्ला पेर्गोला या रस्त्यावरच्या घरात चौघी भाड्याने राहत होत्या. दोघी इटालियन, तिसरी मेरेडिथ आणि चौथी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून आलेली २० वर्षांची अमांडा नॉक्स.

१ नोव्हेंबरला इटलीत सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते. दोघी इटालियन मुली घराबाहेर होत्या. त्या रात्री मेरेडिथचा तिच्याच खोलीत गळा चिरून खून झाला. तिच्यावर लैंगिक अत्याचारही झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिचे दोन मोबाइल शेजारच्या एका घराच्या बागेत सापडले. ते कुणाचे आहेत हे बघायला पोलीस घरी आले, तेव्हा अमांडा आणि तिचा मित्र राफाएले सोल्लेचितो दारातच होते. दोघांची ओळख जेमतेम आठवडाभराची. त्यांनी सांगितलं की एका खोलीची खिडकी फुटलेली आहे, न्हाणीघरात रक्ताचे डाग आहेत आणि मेरेडिथचं दार आतून प्रतिसाद देत नाही. दार तोडलं गेलं. आत दुलईखाली मेरेडिथचं शव होतं.

ते चुंबन, ती खरेदी आणि 'फॉक्सी नॉक्सी'

घराबाहेर जमलेल्या कॅमेऱ्यांनी त्या दुपारी एक दृश्य टिपलं. अमांडा आणि राफाएले एकमेकांना बिलगून उभे आहेत, चुंबन घेतात. काही सेकंदांची फीत. ती टीव्हीवर इतक्या वेळा, इतक्या सावकाश दाखवली गेली की बघणाऱ्याला वाटावं, हे दोघं तिथे तासभर तेच करत होते.

मग एकेक गोष्ट जोडली जाऊ लागली. ती पोलीस ठाण्यात राफाएलेच्या मांडीवर बसली होती. तिने तिथे व्यायामासारखे प्रकार केले. ती रडली नाही. खुनानंतर दुकानात जाऊन अंतर्वस्त्रं विकत घेतली. या शेवटच्या बातमीने तर कहर केला. पोलिसांनी घर सील केलेलं होतं, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या मुलीकडे बदलायला काहीच नव्हतं, ही साधी बाब मथळ्यात मावली नाही.

'फॉक्सी नॉक्सी' हे नाव तिच्याच एका सोशल मीडिया पानावरून उचललेलं. लहानपणी फुटबॉल खेळताना चपळाईमुळे मैत्रिणींनी ठेवलेलं ते नाव होतं. वृत्तपत्रांत येईपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला होता. २००७ साली सोशल मीडिया नवा होता, आणि एखाद्याचं खासगी पान उघडून त्यातून त्याचं 'खरं रूप' काढण्याचा उद्योगही नवाच होता. पत्रकारांना तो फार सोपा वाटला. घरबसल्या फोटो मिळत होते, त्याखाली मथळा आपल्या मनाचा.

मेरेडिथही यातून सुटली नाही. खुनाच्या आदल्या रात्री हॅलोविनच्या पार्टीला ती रक्तपिपासू पिशाच्चाच्या वेशात गेली होती, ओठांच्या कडेला नकली रक्त लावून. वृत्तपत्रांनी तो फोटो पुन्हा पुन्हा छापला.

आणखी एक फोटो गाजला. न्हाणीघर पूर्ण लालगुलाबी, बेसिनपासून भिंतीपर्यंत. बघणाऱ्याला ते रक्तच वाटलं. हे बघूनही ही मुलगी तिथे आंघोळ करून गेली? प्रत्यक्षात तो रंग तपासासाठी मारलेल्या रसायनाचा होता. अमांडाने त्या सकाळी जे न्हाणीघर पाहिलं, त्यात रक्ताचे मोजके डाग होते.

एका अनोळखी देशात, भाषा धड येत नसताना, घरातल्या मैत्रिणीचा खून झाल्यावर २० वर्षांच्या मुलीने नेमकं कसं वागायला हवं होतं? याचं उत्तर तिच्यावर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे होतं. 'सुतकात असं कुणी वागतं का' हा प्रश्न आपल्याकडेही आळीतल्या बायकांपासून न्यूज चॅनेलच्या अँकरपर्यंत सगळे विचारतात. इटलीत फरक एवढाच होता की तो प्रश्न खुद्द तपास करणाऱ्यांच्याही डोक्यात शिरला. आरोपींचं वागणं आणि मानसिक प्रतिक्रिया पाहूनच आपण दोषी कोण ते ओळखलं, असं तपासातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने नंतर उघडपणे सांगितलं.

'नंतर भेटू' या दोन शब्दांचा घोळ

५ नोव्हेंबरच्या रात्री पोलिसांनी राफाएलेला बोलावलं. अमांडाला बोलावलं नव्हतं, ती त्याच्यासोबत गेली. आत राफाएलेने आपला आधीचा जबाब बदलला. ती रात्रभर माझ्याकडेच होती हे आपण खात्रीने सांगू शकत नाही, ती मध्ये बाहेर गेली असावी, असं तो म्हणाला. मग पोलीस अमांडाकडे वळले.

तिच्या मोबाइलमध्ये एक संदेश होता. ती 'ल शिक' नावाच्या बारमध्ये काम करायची. मालक पॅट्रिक लुमुम्बा, मूळचा काँगोचा. त्या संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असल्याने त्याने तिला कळवलं की आज येऊ नकोस. तिने मोडक्या इटालियनमध्ये उत्तर दिलं की नक्की, नंतर भेटू, शुभ संध्याकाळ.

इंग्रजीत 'सी यू लेटर' म्हणजे नुसता निरोप. अमांडाने तो शब्दाला शब्द ठेवून इटालियनमध्ये उतरवला. इटालियन पोलिसांनी त्याचा अर्थ घेतला, 'आज रात्री भेटायचं ठरलेलं आहे'. मराठी माणसाला हे समजावून सांगायची फार गरज नाही. आपण घरातून निघताना 'येतो हं' म्हणतो. परक्या माणसाने ते शब्दशः घेतलं, तर तो दारात वाट बघत बसेल.

चौकशी पहाटेपर्यंत चालली. वकील नव्हता. जी दुभाषी होती ती पोलीस खात्यातलीच. तिने अमांडाला स्वतःच्या अपघाताची गोष्ट सांगितली, की धक्क्यामुळे आपल्यालाही काही काळ आठवत नव्हतं, तुलाही तसंच झालं असेल. पहाटे अमांडाने दोन जबाबांवर सह्या केल्या. त्यांत म्हटलं होतं की लुमुम्बाने मेरेडिथला मारलं आणि आपण घरातच होतो, किंकाळी ऐकली.

त्याच दिवशी तिने हाताने एक लांबलचक टिपण लिहून पोलिसांना दिलं. त्यात तिने आपल्याच जबाबाबद्दल शंका घेतली. हे सगळं स्वप्नासारखं धूसर वाटतं, खरं काय ते मला सांगता येत नाही, अशा आशयाचं. मात्र लुमुम्बाचं नाव तिने त्यातही स्वच्छपणे मागे घेतलं नाही. हे टिपण लक्षात ठेवायचं, कारण पुढे १७ वर्षं ते तिची पाठ सोडणार नव्हतं.

लुमुम्बाला पहाटे घरातून उचललं. पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं. तिघं आरोपी, तिघंही कोठडीत. खोलीत सापडलेला रक्ताळलेला ठसा कुणाचा, हे तोवर कुणाला माहीतही नव्हतं.

आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळापासूनचा हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे हे रात्रीचे जबाब खुनाच्या खटल्यात अमांडाविरुद्ध वापरू दिले नाहीत. पण तोवर ते प्रत्येक वृत्तपत्रात छापून आले होते. न्यायालयाने बाजूला ठेवलेला पुरावा वाचकाच्या डोक्यातून कोण बाजूला ठेवणार?

ठसा ज्याचा, तो

मेरेडिथच्या उशीवर रक्ताने उमटलेला तळव्याचा ठसा होता. तो निघाला रुडी गेडे नावाच्या २० वर्षांच्या तरुणाचा. जन्म आयव्हरी कोस्टमधला, लहानपणापासून पेरुजात वाढलेला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलांशी त्याची ओळख होती. खुनाच्या काही दिवस आधी मिलानमधल्या एका बालवाडीत घुसलेला असताना तो सापडला होता. त्याच्याकडे एका वकिलाच्या कार्यालयातून चोरीला गेलेला लॅपटॉप मिळाला होता, आणि त्या कार्यालयाचीही खिडकी फोडलेली होती.

त्याचा डीएनए मेरेडिथच्या शरीरावर, कपड्यांवर आणि पर्सवर मिळाला. खुनानंतर तो जर्मनीला पळून गेला होता. २० नोव्हेंबरला तिथे त्याला पकडलं.

लुमुम्बाची सुटका झाली तीही त्याच दिवशी. त्या रात्री त्याच्या बारमध्ये बसलेल्या एका स्विस प्राध्यापकाने पुढे येऊन सांगितलं की मालक माझ्यासमोर होता. नाहीतर काय झालं असतं, हा विचार अंगावर काटा आणतो. निर्दोष असूनही त्याने दोन आठवडे कोठडीत काढले, आणि त्याचा बार काही पुन्हा उभा राहिला नाही.

इथे तपास नव्याने मांडायला हवा होता. एका चोरट्याने खिडकी फोडून घरात शिरावं, तेवढ्यात मेरेडिथ परत यावी, ही सरळ शक्यता समोर होती. झालं वेगळंच. गोष्ट तशीच ठेवली गेली, फक्त त्यातल्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या जागी दुसरा आला. सरकारी वकील जुलियानो मिन्यिनी यांचं म्हणणं होतं की हा तिघांनी मिळून केलेला, लैंगिक खेळातून चिघळलेला खून आहे, आणि फुटलेली खिडकी हा नंतर रचलेला देखावा.

गेडेने झटपट खटल्याचा मार्ग निवडला. इटलीत त्यामुळे शिक्षेत एक तृतीयांश सूट मिळते. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याला ३० वर्षं झाली, अपिलात ती १६ वर आली. आपण त्या घरात होतो हे त्याने मान्य केलं, पण आपण न्हाणीघरात असताना दुसऱ्या कुणीतरी खून केला, असं तो सांगत राहिला. त्याला दोषी ठरवणाऱ्या निकालात त्याने इतरांच्या साथीने खून केल्याचं म्हटलं होतं. हे 'इतर' कोण, या एका शब्दावर पुढची सात वर्षं घासाघीस झाली.

चाकू आणि हूक

अमांडा आणि राफाएलेविरुद्ध शास्त्रीय पुरावा मुख्यतः दोन वस्तूंचा होता.

पहिली, राफाएलेच्या स्वयंपाकघरातला एक चाकू. मुठीवर अमांडाचा डीएनए होता. त्यात नवल नाही, ती तिथे स्वयंपाक करायची. पात्यावर मेरेडिथचा डीएनए असल्याचा दावा होता, पण तो इतका सूक्ष्म होता की तीच चाचणी पुन्हा करून पडताळता आली नाही. पात्यावर रक्त मिळालं नाही. पुढे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांना त्यावर पिष्टाचे कण सापडले. घासूनपुसून रक्त काढलं पण पिठाळ कण मात्र राहिले, हे जरा कठीणच.

दुसरी वस्तू म्हणजे मेरेडिथच्या ब्रेसियरचा हूक. त्यावर राफाएलेचा डीएनए असल्याचं सांगितलं गेलं. हा हूक २ नोव्हेंबरलाच जमिनीवर दिसला होता, पण उचलला गेला १८ डिसेंबरला. तब्बल ४६ दिवसांनी. मधल्या काळात खोलीत माणसं येऊन गेली होती आणि हूक पहिल्या जागेपासून बराच सरकला होता. तो गोळा करतानाचं चित्रीकरण न्यायालयात दाखवलं गेलं, त्यात हातमोजे मळलेले दिसत होते. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, मग पुन्हा जमिनीवर, मग फोटो.

डीएनएचं नाव ऐकलं की सामान्य माणूस गप्प बसतो. विज्ञान खोटं बोलत नाही, हे खरंच आहे. पण तो नमुना तिथे कधी आला आणि कुणाच्या हातमोज्याला चिकटून आला, हे डीएनए सांगत नाही.

ज्या छोट्याशा खोलीत झटापट झाली, जिथे गेडेच्या खुणा जागोजागी होत्या, तिथे अमांडाची एकही खूण मिळाली नाही. खोली नंतर साफ केली, असा तर्क मांडला गेला. मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या डीएनएमधून फक्त स्वतःचा वेचून पुसायचा आणि दुसऱ्याचा ठेवायचा, ही किमया कशी साधली, हे कुणी सांगू शकलं नाही.

एकाच खटल्याचे पाच निकाल

डिसेंबर २००९ मध्ये अमांडाला २६ आणि राफाएलेला २५ वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये अपिलात दोघं सुटले, आणि अमांडा जवळपास चार वर्षांच्या तुरुंगवासानंतर लगेच सिअ‍ॅटलला परतली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द करून अपील पुन्हा चालवायला सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने दोघांना परत दोषी ठरवलं. अमांडाला साडेअठ्ठावीस वर्षं, राफाएलेला २५. शेवटी २७ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही कायमचं निर्दोष सोडलं.

एवढ्या कोलांटउड्या कशा? इटलीत अपील म्हणजे बहुतांशी नवा खटलाच असतो, आणि निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारी पक्षही अपील करू शकतो. तसं ते भारतातही करता येतं. अमेरिकेत मात्र एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, त्यामुळे तिथल्या लोकांना हा सगळा प्रकार सूड उगवल्यासारखा वाटला.

२०१५ च्या निकालाची कारणं सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. तपासातल्या ढळढळीत चुकांवर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. माध्यमांच्या प्रचंड दबावामुळे तपास घाईत झाला, आणि घाईने सत्याचं भलं झालं नाही, असा त्याचा सूर होता. पण याच निकालात एक जागा अशीही आहे जी संशय घेणारे आजही पुढे करतात. खुनाच्या वेळी अमांडा घरात होती, हे तिच्याच सांगण्यावरून न्यायालयाने धरून चाललेलं दिसतं. खुनात तिचा सहभाग मात्र नाही, असा निष्कर्ष आहे. ज्याला जे हवं ते त्याने त्यातून उचललं.

तीन देश, तीन गोष्टी

हा वाद वाचताना एक मजा दिसते. वाचणारा कुठल्या देशात बसला आहे यावर त्याचं मत बरंचसं ठरत होतं.

ब्रिटनमध्ये मारली गेलेली मुलगी आपली होती, म्हणून अमांडा खलनायिका. अमेरिकेत आरोपी मुलगी आपली, म्हणून इटलीची न्यायव्यवस्था खलनायक. २००९ च्या निकालानंतर वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी इटलीत अमेरिकाविरोधी भावनेचा परिणाम झाला का, असा जाहीर प्रश्न विचारला. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा राजकारणात नव्हते, पण इटलीवर बहिष्कार घाला असं तेही म्हणून मोकळे झाले. अमांडाच्या घरच्यांनी जनसंपर्क सांभाळणारी कंपनी नेमली होती. गेडेच्या घरच्यांकडे किंवा लुमुम्बाकडे तसलं काही नव्हतं.

इटलीत लोक चिडले. आमच्या न्यायालयांना मध्ययुगीन म्हणणारे हे कोण? तिथे तर दोन पक्षांना नावंच पडली, 'कोल्पेवोलिस्ती' म्हणजे दोषी मानणारे आणि 'इन्नोचेंतिस्ती' म्हणजे निर्दोष मानणारे. भर न्यायालयात लुमुम्बाच्या वकिलाने अमांडाला सैतानी चेटकिणीच्या उपमा दिल्या. एकोणिसाव्या शतकातला खटला म्हणून खपून जावं, असं ते भाषण होतं.

इंटरनेटवर दोन्ही बाजूंची स्वतंत्र संकेतस्थळं उभी राहिली. न्यायालयाची कागदपत्रं लोक स्वतः भाषांतरित करत, रात्र रात्र जागून एकमेकांचे मुद्दे खोडत. यातलं काही काम खरोखर कष्टाचं होतं. काही निव्वळ शिवीगाळ. विकिपीडियावरच्या लेखावरून एवढी ओढाताण झाली की २०११ मध्ये संस्थापक जिमी वेल्स यांना त्यात लक्ष घालावं लागलं.

२०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट आला. त्यात हे प्रकरण पहिल्या दिवसापासून लिहिणारा एक ब्रिटिश पत्रकार बोलतो. पहिल्या पानावर आपलं नाव बघण्याची नशा कशी होती, मिळालेली माहिती तपासत बसलो असतो तर दुसऱ्याने बाजी मारली असती, हे तो हसत हसत सांगतो. बघणाऱ्याला राग त्याचा येतो. पण त्या बातम्या वाचायला आणि पुढे पाठवायला गर्दी कुणाची होती?

खोट्या आळाचं काय झालं?

इथे अमांडाच्या समर्थकांना अवघड जाणारा भाग येतो. एका निरपराध माणसाचं नाव तिने घेतलं, ही गोष्ट नाकारता येत नाही. इटालियन कायद्यात जाणूनबुजून खोटा आळ घेणं हा गंभीर गुन्हा आहे. २०११ च्या रात्री ऐकू आलेला 'दोषी' हा शब्द याच आरोपाबद्दल होता. त्यासाठी तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, जी तिने तुरुंगात आधीच भोगली होती.

जानेवारी २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी धरलं. त्या रात्री तिला वकील मिळायला हवा होता, दुभाषीने दुभाष्याचंच काम करायला हवं होतं. डोक्यात चापट्या मारल्याच्या तिच्या तक्रारीची नीट चौकशीही झाली नव्हती. मारहाण झालीच, असं मात्र न्यायालयाने म्हटलं नाही. इटलीने तिला १८,४०० युरो द्यावेत असा आदेश झाला.

त्या आधारावर हा खटला पुन्हा उघडला. रात्रीचे जबाब बाद झाले, उरलं ते तिने स्वतः लिहिलेलं टिपण. जून २०२४ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने त्या टिपणावरून तिला पुन्हा दोषी ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. म्हणजे आज कायद्याच्या दृष्टीने अमांडा नॉक्स खुनाच्या आरोपातून पूर्ण निर्दोष आहे आणि लुमुम्बावर खोटा आळ घेतल्याबद्दल दोषी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. सोशल मीडियावर यातलं कुठलं तरी एकच सांगितलं जातं.

राफाएलेने तुरुंगातल्या चार वर्षांची भरपाई मागितली, ती इटलीतल्या न्यायालयाने नाकारली. त्याच्या बदलत्या जबाबांमुळे तपास भरकटायला हातभार लागला, असं कारण दिलं. रुडी गेडे २०२१ मध्ये शिक्षा संपवून बाहेर आला. बहुतेक बातम्यांत त्याची ओळख 'अमांडा नॉक्स प्रकरणातला दोषी' अशी होती. ज्या खुनासाठी शिक्षा भोगली, तो खूनसुद्धा त्याच्या किंवा मेरेडिथच्या नावावर नाही.

अमांडा आता लिहिते, पॉडकास्ट करते, चुकीच्या शिक्षा झालेल्यांसाठी बोलते. २०१९ मध्ये ती इटलीत परत जाऊन भाषण देऊन आली, आणि पुढे ज्या मिन्यिनींनी तिला तुरुंगात पाठवलं त्यांनाही भेटली. २०२१ मध्ये 'स्टिलवॉटर' नावाचा चित्रपट तिच्या प्रकरणावर बेतलेला म्हणून गाजला, तेव्हा माझं नाव विकायचा अधिकार यांना कुणी दिला, असं तिने विचारलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर आठ भागांची मालिका आली, तिच्या सहभागाने.

कर्चर कुटुंब बहुतेक वेळ गप्प राहिलं. वडील जॉन हे स्वतः पत्रकार. त्यांनी २०१२ मध्ये मुलीवर पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं फक्त 'मेरेडिथ'. आई आणि वडील दोघंही २०२० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने गेले. नव्या मालिकेचं पेरुजात चित्रीकरण सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा बहीण स्टेफनी हिला पत्रकारांनी गाठलं. आमच्या घराने एवढं सोसलं आहे, यातून आता काय साधणार आहे तेच समजत नाही, एवढंच ती म्हणाली.